वाटेत पेटलेला पिवळा दिवा



वसंत व्याख्यानमालेत डिझेलच्या गाडीवर व्याख्यान ठेवले आहे हे पत्रिकेत वाचून काही मंडळींना नवल वाटले असेल. या व्यासपीठावर संतवाङ्मयावर बोलावे, इतिहासावर बोलावे, फार तर शेतीच्या भावावर बोलावे. येथे सायलेन्सरचे काय काम, असा प्रश्न मला येताना दारातच एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी विचारला. त्यांना मी तेथे उत्तर दिले नाही, आता देतो. चैत्र-वैशाखात आपल्या वर्धा जिल्ह्यात व्याख्याने ऐकायला जेवढी माणसे घराबाहेर पडतात, त्याच्या किती तरी पट माणसे भाड्याच्या ट्रॅव्हलरमध्ये, विंगरमध्ये, तूफानमध्ये बसून लग्नाला जातात. वर्धा नदी ओलांडली की वऱ्हाड लागते हे आपण शाळेत शिकलो. पण लग्नसराईत वऱ्हाड नदीच्या दोन्ही काठांना असते, आणि ते बहुधा डिझेलवर चालते!

अशा एका गाडीची कल्पना करा. दुपारचे बारा वाजले आहेत, बाहेर ऊन पंचेचाळीस अंशांचे. समृद्धी महामार्गावर येळाकेळी मागे पडली, विरुळ यायचे आहे, आणि ड्रायव्हरच्या समोर एक पिवळा दिवा लागतो. तो मालकाला फोन लावतो. मालक म्हणतो, "चालव रे, काही होत नाही." मागून नवरदेवाचे मामा म्हणतात, "मुहूर्त टळता कामा नये." गाडी पुढे जाते. कधी खरोखरच काही होत नाही. कधी मात्र तासाभरात गाडीचा जोर निम्मा होतो, दुसरा दिवा लागतो, आणि मग कोणी तरी धाब्यावरचा ओळखीचा माणूस सांगतो की अमुक ठिकाणी एक मेकॅनिक आहे, तो ही सगळी भानगडच काढून टाकतो. त्या दिवशीची दुरुस्ती स्वस्त पडते. वर्षभराची फार महाग पडते. या दोहोंमधला तास दोन तासांचा जो काळ असतो, त्यात शहाणपणाने काय करावे, एवढाच माझा आजचा विषय आहे.

आपल्यातल्या जुन्या ड्रायव्हरांना आठवत असेल की पूर्वी धूर बोलत असे. धूर काळा आला तर डिझेल जास्त जाते आहे किंवा हवा कमी पडते आहे. निळसर आला तर इंजिन ऑइल जळते आहे. पांढरा आला आणि थांबेना तर डिझेल न जळताच बाहेर पडते आहे किंवा पाणी आत शिरले आहे. चांगला मिस्त्री गाडीच्या मागे दोन मिनिटे उभा राहून निदान करी, वैद्य जिभेवरून करतो तसे. त्या निदानाची किंमत मात्र मागून येणारा सायकलस्वार आपल्या छातीने मोजत असे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०१२ साली डिझेलचा धूर कर्करोग निश्चितपणे उत्पन्न करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या वर्गात घातला. तंबाखूही त्याच वर्गात आहे.

आपल्या देशात डिझेल गाड्यांच्या धुराला पहिली मर्यादा १९९२ साली घातली गेली. पुढे २००० सालापासून भारत स्टेजच्या पायऱ्या सुरू झाल्या. चौथी पायरी २०१७ साली सर्व देशभर लागू झाली, आणि पाचवी गाळून एकदम सहावीवर उडी घेण्याचा निर्णय जानेवारी २०१६ मध्ये जाहीर झाला. त्या वेळी रस्ते वाहतुकीचे खाते आपल्या शेजारच्या नागपूरच्या नितीन गडकरींकडे होते. १ एप्रिल २०२० पासून देशात नवी गाडी विकायची ती सहाव्या पायरीचीच, असे ठरले. ही उडी केवढी होती ते दोन आकड्यांत सांगतो. लहान डिझेल मोटारीला दर किलोमीटरला काजळी पूर्वी २५ मिलिग्रॅमपर्यंत चालत होती, ती साडेचारवर आली. नायट्रोजनच्या ऑक्साइडांची मर्यादा २५० मिलिग्रॅमवरून ८० वर आली. डिझेलमधले गंधकही दशलक्ष भागांत ५० भागांवरून १० वर उतरवावे लागले, कारण गंधक राहिले तर पुढची सगळी यंत्रणा बिघडते.

यामुळे धूर मुका झाला. नव्या गाडीच्या सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवले तरी ते स्वच्छ निघते. इंजिनात काही बिनसले तर त्याची काजळी आतल्या आत अडते आणि मागे उभ्या असलेल्या मिस्त्रीला काहीच दिसत नाही. म्हणून धुराचे बोलणे आता दिव्याकडे आले आहे. तो दिवा कागद चिकटवून झाकणारी माणसे मी पाहिली आहेत. पूर्वी कोणी धूर दिसू नये म्हणून डोळे मिटून गाडी चालवली नसती.

आता ही यंत्रणा आहे तरी काय, ते आपल्या स्वयंपाकघरातल्या चुलीवरून सांगतो. चूल मंद, ओली, कोंडलेली असली की काजळी फार होते. तीच चांगली पेटली, हवा भरपूर मिळाली की काजळी कमी होते, पण जाळ तेज होतो. डिझेल इंजिनात जाळ फार तेज झाला की हवेतला एरवी निरुपद्रवी असलेला नायट्रोजन ऑक्सिजनशी संयोग पावतो आणि फुप्फुसांना जाचणारी ऑक्साइडे तयार होतात. म्हणजे एक रोग कमी करावा तर दुसरा वाढतो. इंजिनीअरांनी यावर तोड काढली ती अशी : जळून गेलेल्या धुराचा थोडा भाग पुन्हा इंजिनात सोडून जाळ जरा मंद करायचा, त्यासाठी जी झडप असते तिला ईजीआर म्हणतात, उरलेली काजळी पुढे एका गाळणीत अडवायची, ती डीपीएफ, आणि उरलेल्या ऑक्साइडांवर युरियाचे पाणी फवारून त्यांचे पुन्हा नायट्रोजन आणि पाण्याची वाफ करायची, ती एससीआर. काही लहान गाड्यांत युरिया नसतो, तेथे दुसऱ्या प्रकारचा सापळा असतो. तेव्हा आपल्या गाडीला डिझेलच्या टोपणाशेजारी निळे टोपण आहे की नाही, हे प्रत्येकाने प्रथम पाहून ठेवावे. ज्याने गाडी घेऊन दोन वर्षे झाली आणि ते पाहिले नाही, असा मालक दुर्मीळ नाही.

गाळणीपासून सुरुवात करू, कारण आपल्या जिल्ह्यात सर्वाधिक तक्रार तिचीच असते. ही गाळणी म्हणजे मधाच्या पोळ्यासारखी चिनी मातीच्या जातीची वीट. तिच्यातल्या नळ्या एकाआड एक बंद केलेल्या असतात, त्यामुळे धुराला भिंतीतून झिरपून जावे लागते आणि काजळी मागे राहते. साचलेली काजळी वेळोवेळी जाळून टाकावी लागते. त्याला सहाशे अंशांच्या आसपास उष्णता लागते. गाडी एकसारख्या वेगाने पंधरा-वीस मिनिटे धावली की संगणक थोडे जादा डिझेल सोडून ही उष्णता आपोआप निर्माण करतो आणि गाळणी साफ होते. ड्रायव्हरला बहुधा पत्ताही लागत नाही.

गाळणीची अपेक्षा एवढीच की गाडीने मधूनमधून लांब धावावे. आणि आपण काय करतो? सकाळी शाळेची मुले, दुपारी वर्धा ते सेवाग्राम फेऱ्या, संध्याकाळी पवनारपर्यंत एक भाडे. इंजिन नीट तापते न तापते तोच चावी बंद. लग्नाच्या दिवशी मंडपाबाहेर चार तास एसी लावून इंजिन चालू. आत ड्रायव्हर झोपलेला. नुसत्या चालू ठेवलेल्या इंजिनाला काजळी करता येते, ती जाळण्याइतकी उष्णता करता येत नाही. तिसरी सवय तर खास आपली : भाडे मिळाले की पाचशेचे डिझेल टाकायचे. पुष्कळ गाड्यांत टाकीतले डिझेल राखीव पातळीवर आले की गाळणी जाळण्याचे काम संगणक सुरूच करीत नाही. गाडीच्या दृष्टीने तेही बरोबरच आहे. घरात पीठ संपत आले असता कोणी पुरणपोळीचा घाट घालीत नाही.

म्हणून गाळणीचा दिवा, म्हणजे ठिपक्यांनी भरलेल्या डब्याचे चित्र, पिवळा लागला तर त्याचा अर्थ 'थांबा' असा नाही. त्याचा अर्थ 'मला धावू द्या' असा आहे. हे पुष्कळांना उलटे वाटते. डिझेल पुरेसे असेल, दुसरा कोणता दिवा लागलेला नसेल, तर मोकळ्या रस्त्यावर एक गिअर खाली ठेवून, साठाच्या वर एकसारख्या वेगाने, कायद्याच्या मर्यादेत, वीस मिनिटे गाडी चालवावी. जाम चौरस्त्यावरून हिंगणघाटकडे जाणारा रस्ता किंवा समृद्धी यासाठी उत्तम आहे. दिवा विझला तर काम झाले. तो विझला नाही, लुकलुकू लागला किंवा त्याच्या जोडीला इंजिनाच्या चित्राचा दिवा लागला, तर जोर करू नये. जवळच्या कार्यशाळेत संगणक जोडून गाळणी जाळून घ्यावी. पिवळ्या दिव्यावर केलेले दुर्लक्ष नवी गाळणी घेण्यापर्यंत जाते, आणि तिची किंमत ऐकून मालकाला घाम फुटतो.

लाल दिवा निराळा. तेलाचा दाब, इंजिनाची उष्णता, यांचा लाल दिवा लागला तर मुहूर्त, मामा, मालक कोणाचेही ऐकू नये, गाडी थांबवावी. पण कोठे थांबवावी यालाही महत्त्व आहे. १५ ऑक्टोबर २०२३ रोजी समृद्धीवर वैजापूरजवळ यात्रेकरूंची एक मिनीबस रस्त्यावरच्या ट्रकवर मागून आदळली आणि १२ माणसे गेली. दोष कोणाचा याची चर्चा येथे नको. आपण एवढेच ध्यानात घ्यावे की वेगाच्या रस्त्यावर उभी असलेली गाडी चालत्या गाडीपेक्षा अधिक भयंकर असते. शक्य असेल तर पुढच्या उतारमार्गापर्यंत हळूहळू न्यावी. शक्य नसेल तर अगदी डाव्या कडेला घेऊन, दिवे लुकलुकते ठेवून, मागे दूरवर त्रिकोण ठेवून, सर्व माणसांना गाडीतून उतरवून कठड्यापलीकडे उभे करावे. गाडीच्या सावलीत सतरंजी पसरून डबे उघडणारी वऱ्हाडी मंडळी आपण पाहतो, ते करू नये. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ हा क्रमांक मदतीसाठी आहे.

थांबण्याच्या जागेविषयी आणखी एक गोष्ट, आणि ही आपल्या शेतकरी जिल्ह्याला विशेष लागू. गाळणी जळत असता सायलेन्सर नेहमीपेक्षा फार तापलेला असतो. अशी गाडी वाळलेल्या गवतावर, कुटाराच्या ढिगाजवळ, पऱ्हाटी रचून ठेवली असेल तेथे उभी करू नये. लग्न शेतातल्या मांडवात असेल तर वाहनतळ हा बहुधा कापूस निघून गेलेला वावरच असतो. जळका वास आला, पंखा इंजिन बंद केल्यावरही घरघरत राहिला, तर गाळणीचे काम अर्धवट तुटले आहे असे समजावे. असे वारंवार तुटले की जादा सोडलेले डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरते. डिपस्टिक काढून पाहिली तर ऑइल कमी होण्याऐवजी वाढलेले दिसते. भोळा मालक खूश होतो. वास्तविक ते ऑइल पातळ झालेले असते आणि ताबडतोब बदलायचे असते.

आता युरिया. याच्याविषयी जरा विस्ताराने बोलले पाहिजे, कारण युरिया आपल्या घरोघरी आहे आणि घोटाळाही तेथूनच होतो. महामार्गावर निळ्या-पांढऱ्या बादल्यांत जे मिळते ते डीईएफ. ड्रायव्हर त्याला युरियाच म्हणतात. त्यात ३२.५ टक्के युरिया आणि बाकी क्षाररहित केलेले पाणी असते. आपल्या जिल्ह्याच्या गाड्यांवर एमएच ३२ असते, तेव्हा हा आकडा निदान वर्धेकरांनी तरी विसरू नये! शंभर लिटर डिझेलमागे तीन ते पाच लिटर डीईएफ लागते. तापलेल्या धुरात ते फवारले की त्याचा अमोनिया होतो आणि तो अमोनिया ऑक्साइडांचा निकाल लावतो.

आता हिशेब पाहा. वीस लिटरच्या बादलीत साधारण सात किलो युरिया असतो. ४५ किलोची सरकारी अनुदानाची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते. म्हणजे एका गोणीत सहा बादल्यांचा माल आहे. वावरात सोयाबीन-कपाशी, दारात गाडी, कोठीत गोणी आणि विहिरीला पाणी, अशा घरातल्या हुशार मुलाच्या मनात काय येईल हे सांगायला ज्योतिषी नको. बादलीत गोणीतला युरिया ढवळायचा, फडक्याने गाळायचा आणि टाकीत ओतायचा. गाडी पहिले काही दिवस चालतेही, म्हणून तर ही युक्ती गावोगाव पसरते.

पण शेतीचा युरिया पिकासाठी केलेला आहे. २०१५ पासून देशातल्या सर्व युरियाला निंबोळी तेलाचा लेप देणे सक्तीचे झाले. हा लेप मातीत नायट्रोजन हळू सुटावा म्हणून उपकारक आहे, पण फवाऱ्याच्या केसासारख्या छिद्राला तो मारक आहे. शेतीच्या युरियात बाययुरेट नावाचे द्रव्य दीड टक्क्यापर्यंत चालते. डीईएफमध्ये ते ०.३ टक्क्याहून अधिक चालत नाही. आणि पाणी? डीईएफच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे त्यात कॅल्शियम किलोला अर्ध्या मिलिग्रॅमहून अधिक नसावे. आपल्या काळ्या पाषाणातल्या विहिरींच्या पाण्याने बंबाच्या तळाला जो पांढरा थर बसतो तो ज्यांनी खरवडला आहे, त्यांना यापुढे सांगायला नको. तोच थर गाडीच्या पंपात, फवाऱ्यात आणि शेवटी उत्प्रेरकाच्या विटेवर बसतो. शिवाय अनुदानाचा युरिया शेतीखेरीज अन्य कामाला वापरणे हा खत नियंत्रण आदेशाखाली गुन्हा आहे. शेजाऱ्याला हंगामात गोणी मिळत नाही म्हणून तो दुकानापुढे रांगेत उभा आहे, आणि आपण ती सायलेन्सरमधून सोडतो आहोत, हेही शोभत नाही.

विकत घेतलेली बादलीही पारखून घ्यावी. तिच्यावर आयएसओ २२२४१ हे मानक छापलेले असावे आणि तारीख असावी. तारखेचे महत्त्व आपल्याकडे दुप्पट आहे. हे द्रव्य पंचवीस अंशांच्या आत दीड वर्ष टिकते, तीस अंशांच्या आत एक वर्ष, पस्तीसच्या आत सहा महिने. त्यापुढे प्रत्येक वेळी तपासून घ्यावे असे मानक सांगते. आता वैशाखात बंद गाडीच्या डिक्कीत किती अंश असतात? युरोपातल्या ड्रायव्हरला ते उणे अकरा अंशांवर गोठेल ही काळजी असते. आपली काळजी नेमकी उलटी आहे, आणि गाडीबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत गोठण्याविषयी पानभर मजकूर असला तरी तळेगावच्या धाब्याबाहेर उन्हात रचलेल्या बादल्यांविषयी फारसे काही नसते. दुकानाच्या आतली, सावलीतली, सील न तुटलेली बादली घ्यावी. सुट्या ड्रमातून घेऊ नये.

निळ्या टोपणाखाली चुकून डिझेल गेले, किंवा डिझेलच्या टाकीत युरिया गेला, तर चावी फिरवूच नये. गाडी ढकलून बाजूला घ्यावी आणि टाकी रिकामी करून घ्यावी. चावी फिरवली की पंप ते द्रव्य पुढे ओढतो आणि हजारांची दुरुस्ती लाखाकडे जाते. टोपणाभोवती पांढरे कण दिसले तर घाबरू नये, तो वाळलेला युरिया. स्वच्छ पाण्याने धुऊन टाकावा.

युरिया संपत आला तर काय होते? येथे कायदा यंत्राच्या आत जाऊन बसला आहे. जड वाहनांत प्रथम इंजिनाचा जोर एक चतुर्थांशाने कमी होतो, आणि तरीही भरला नाही तर गाडी ताशी वीस किलोमीटरवर येते. बैलगाडीहून थोडी बरी! लहान व्हॅनमध्ये बहुधा निराळी रीत असते : अमुक किलोमीटरनंतर गाडी पुन्हा सुरू होणार नाही अशी उलटी मोजणी दिसू लागते. चालू इंजिन बंद पडत नाही, पण बंद केलेले सुरू होत नाही. म्हणून मोजणी शून्यावर आली असेल तर चहासाठी थांबून चावी काढू नये. प्रथम बादली शोधावी. युरिया भरल्यावर दिवा ताबडतोब विझेलच असे नाही. काही गाड्यांना किमान पाच-दहा लिटर लागतात, काहींना थोडे अंतर चालल्यावर पटते. तेवढा धीर धरावा.

या एका द्रव्यावर आपण किती अवलंबून आहोत याचा धडा दक्षिण कोरियाने २०२१ च्या नोव्हेंबरात घेतला. तेथला जवळजवळ सर्व औद्योगिक युरिया चीनमधून येई. चीनने ऑक्टोबरात निर्यातीवर तपासणीची अट घातली आणि कोरियातल्या ट्रकवाल्यांची दाणादाण उडाली. शेवटी सरकारला लष्करी विमान पाठवून ऑस्ट्रेलियाहून युरियाचे पाणी आणावे लागले.

असो. दिव्याकडे वळू. इंजिनाच्या चित्राचा दिवा लागला तर त्याच्या मागे एक सांकेतिक क्रमांक असतो. स्टिअरिंगखाली सोळा टाचण्यांचे एक तोंड असते, त्याला स्कॅनर जोडला की तो क्रमांक वाचता येतो. मोबाइलला जोडता येणारे छोटे स्कॅनर आता पुष्कळ ड्रायव्हरांच्या खिशात असतात, ही चांगली गोष्ट आहे. पी २४६३ म्हणजे गाळणीत काजळी फार साचली. पी २००२ म्हणजे गाळणी नीट गाळीत नाही. पी ०४०१ म्हणजे ईजीआरमधून पुरेसा धूर परत जात नाही. पी २०३एफ म्हणजे युरिया कमी. पी २०७एफ म्हणजे युरियाची प्रत वाईट. पी २०ईई म्हणजे एससीआरचे काम अपुरे. पण क्रमांक लक्षण सांगतो, रोग सांगत नाही. पी २४६३ आला म्हणून गाळणी बदलणारे मेकॅनिक आहेत, आणि महिन्याने तीच गाडी त्याच क्रमांकासह परत येते. कारण काजळी गाळणीने केलेली नसते. एअर फिल्टर धुळीने आणि रुईच्या तुसाने भरला असेल, टर्बोचा रबरी पाइप फाटला असेल, इंजेक्टर गळत असेल, रस्त्याकडेला 'बायोडिझेल' म्हणून विकले जाणारे स्वस्त तेल भरले असेल. हिंगणघाटच्या जिनिंगच्या वाटेने रोज ये-जा करणाऱ्याने एअर फिल्टर पुस्तिकेत लिहिलेल्या मुदतीच्या आधीच पाहिला पाहिजे. चुकीचे इंजिन ऑइल हेही एक कारण. या गाड्यांना कमी राख सोडणारे ऑइल लागते. काजळी जळते, राख जळत नाही, ती गाळणीत कायमची राहते.

वाटेत क्रमांक पुसून टाकण्याचा मोह होतो. पुसायला हरकत नाही, पण आधी मोबाइलवर त्याचा फोटो घ्यावा, तारीख-वेळ-किलोमीटर लिहून ठेवावे. उद्या कार्यशाळेत तोच पुरावा आहे. ज्याच्याजवळ तो नसतो त्याला "आमच्याकडे तर काहीच दिसत नाही" असे ऐकून परत यावे लागते, किंवा ज्या भागाची शंका येईल तो भाग बदलून घ्यावा लागतो.

आणि आता तो धाब्याजवळचा मेकॅनिक. तो गाळणीची वीट फोडून डबा रिकामा करतो, संगणकाला खोटे सांगणारा प्रोग्राम घालतो, आणि दिवा कायमचा विझवतो. गाडी हलकी वाटते, युरियाचा खर्च वाचतो. मालकाला वाटते, आपण कंपनीला चांगलेच फसवले. या कलेतले महामहोपाध्याय मात्र धाब्यावर नव्हते. फोक्सवॅगनसारख्या जगद्विख्यात कंपनीने नेमका हाच उद्योग केला होता. परीक्षा चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर शुद्ध करणारा प्रोग्राम तिने गाड्यांत घातला होता. २०१५ च्या सप्टेंबरात अमेरिकेत हे उघड झाले, जगभरच्या सुमारे एक कोटी दहा लाख गाड्या त्यात निघाल्या, आणि आपल्याकडे पुण्याच्या एआरएआयने तपासणी केल्यावर कंपनीने त्या डिसेंबरात सव्वातीन लाखांच्या जवळपास गाड्या परत बोलावल्या. तेव्हा आपल्या मेकॅनिकची परंपरा थोर आहे, पण अनुकरणीय नाही.

कायद्याचे म्हणाल तर मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे गाडीत असा बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. प्रदूषणाच्या मर्यादा मोडल्याबद्दल दहा हजारांपर्यंतचा दंड निराळा. वॉरंटी जाते ती वेगळीच. पण मला त्याहून वाईट वाटते ते याचे की दिवा विझवल्यावर गाडी पुन्हा मुकी होते. आता तिला धूरही नीट बोलता येत नाही आणि दिवाही. गळणारा इंजेक्टर तसाच गळत राहतो, आणि एके दिवशी पिस्टनलाच भोक पडते.

एका ठिकाणी मात्र माझे मन कायदा करणाऱ्यांच्या बाजूने पूर्णपणे जात नाही, आणि ते बोलून दाखवतो. चंद्रपूर, यवतमाळ, गडचिरोलीकडून रुग्ण घेऊन सेवाग्रामला आणि सावंगीला येणाऱ्या रुग्णवाहिका या बहुधा अशाच डिझेल व्हॅन असतात. तेथे सेन्सर बिघडला म्हणून गाडीने जोर सोडला, तर शिक्षा मालकाला होत नाही, आत पडलेल्या माणसाला होते. अमेरिकेने २०१२ सालीच रुग्णवाहिका आणि आगीचे बंब यांना या अटीतून सवलत देण्याचा मार्ग मोकळा केला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तर तेथल्या पर्यावरण खात्याने शेतकरी आणि ट्रकवाल्यांच्या तक्रारीवरून एकाएकी जोर काढून घेण्याची रीतच सौम्य करायला सांगितली. धूर रोखणे आणि माणूस रस्त्यात अडकवणे या दोन गोष्टी एकच आहेत असे मला वाटत नाही. कायद्याची वाट पाहता येत नाही म्हणून रुग्णवाहिकेच्या मालकांनी आपल्यापुरता नियम करावा : पाळी बदलताना डिझेलबरोबर युरियाही पाहायचा, टाकी अर्ध्याखाली जाऊ द्यायची नाही, आणि आठवड्यातून एकदा गाडी मोकळ्या रस्त्यावर पाऊण तास धावू द्यायची.

राहता राहिले प्रवासाला निघताना बरोबर काय घ्यावे. तारखेच्या आतली एक सीलबंद बादली, सीटखाली, सतरंजीत गुंडाळून, तिच्यासाठीच राखलेले नरसाळे, ज्यातून कधीही डिझेल ओतलेले नाही, स्वच्छ पाण्याची बाटली, त्रिकोण, स्कॅनर, आणि गाडीची पुस्तिका. ही पुस्तिका पुष्कळ गाड्यांत प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेरच आलेली नसते. ती बहुधा इंग्रजीत असते, आणि ड्रायव्हरला इंग्रजी येत नाही म्हणून मालक ती त्याला दाखवीत नाही. दिव्यांच्या चित्रांचे पान तेवढे फाडून नव्हे, छापून घ्यावे, प्रत्येक चित्राखाली आपल्या भाषेत 'थांबा', 'धावू द्या', 'युरिया भरा', 'कार्यशाळेत न्या' असे लिहावे आणि ड्रायव्हरच्या समोरच्या सावलीच्या पट्टीवर चिकटवावे. मी असा एक कागद करून आणला आहे. तो बाहेर टेबलावर ठेवला आहे, ज्यांच्या दारात गाडी आहे त्यांनी एकेक प्रत घेऊन जावी. अध्यक्षांनी प्रश्नांसाठी पंधरा मिनिटे दिली आहेत, ती आता आपली.